बनाकडचा चर

नाव साकोदा तोमिए, वय शहात्तर, धंदा घरकाम व परसातली भाजी, राहणार इचिनोसे वाडी, कागोशिमा.

वाडीच्या पोलीस चौकीत बोलावल्यावरून हजर राहून समक्ष सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती तात्सुरो सहा वर्षांपूर्वी वारले. मुलगी कुमामोतोला असते. शेजारी आरिमुरा कियोहारु, वय त्र्याऐंशी, हे माझ्या घरामागच्या बांबूच्या बनात मयत मिळून आले, त्याबाबत मला माहीत आहे ते सांगते. जबाब लिहून घेणारे हवालदार उएहारा यांना मी ते नाक पुसत शाळेत जायचे तेव्हापासून ओळखते. हेही लिहा, असं मी त्यांना म्हटलं आहे.

माझ्या घरामागे परस आहे आणि परसाला लागून वर चढणीवर आरिमुरांचं बन आहे. मध्ये हद्दीवर चर होता. बांबूची मुळी जमिनीखालून आडवी धावते. चरापर्यंत आली की ती उघडी पडते, मग ती तोडायची. हा चर दर थंडीत कियोहारुसान आणि आमचे हे मिळून साफ करायचे. एक जण विहिरीकडून सुरुवात करायचा, दुसरा रस्त्याकडून, आणि मध्यावरच्या पर्सिमनच्या फळझाडाखाली दोघे भेटायचे. कोण आधी पोचला यावरून वर्षभर एकमेकांना टोमणे मारायचे. दहा वाजता चहा मी न्यायची. वसंतात पहिले कोंब निघाले की आमच्या मागच्या पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन कोंब आणि ते उकळताना कडूपणा जावा म्हणून घालायला मूठभर कोंडा ठेवलेला असायचा. ठेवणारा हाक मारत नसे आणि आम्ही आभार मानायला जात नसू. आमच्याकडे तसंच असतं.

कियोहारुसान यांचं बन साऱ्या वाडीत सगळ्यात नीट होतं. उघडी छत्री धरून बनातून चालता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम. नियम तसा सगळेच सांगतात. कियोहारुसान खरोखर कोरड्या दिवशी छत्री उघडून बनात फिरायचे आणि छत्री ज्याला लागेल तो बांबू तोडायचे. लोक हसायचे. मीसुद्धा हसले आहे.

तात्सुरो गेल्याच्या पुढच्या वर्षी कियोहारुसान विसरायला लागले. विस्तवावर भांडं विसरले, मग घराचा रस्ता विसरले. ओसाकाहून त्यांचा मुलगा योशितो आला आणि त्यांना गावातल्या वृद्धाश्रमात ठेवून गेला. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण बनाला तेव्हापासून कोणी वाली राहिला नाही.

पहिल्या थंडीत चर मी एकटीने खणला. पाठ गेली. दुसऱ्या वर्षी हद्दीवर पत्रे गाडले. मुळ्या पत्र्याखालून आल्या आणि काही तर वरून उडी मारून आल्या. आधी चहाची झुडपं गेली. मग युझू लिंबाचं झाड वाळलं, ते आमच्या लग्नात लावलेलं होतं. न्हाणीघराची फरशी फुटली. गेल्या वसंतात मागच्या खोलीतल्या चटया उचलल्यासारख्या दिसल्या म्हणून बघितलं, तर खालून कोंब. ज्या खोलीत आमचे हे गेले त्याच खोलीत. तो मी भाजीच्या सुरीने कापला, कोंडा घालून उकळला आणि खाल्ला. दुसरं काय करणार होते?

ग्रामकचेरीतून एक साहेब आले, फोटो काढले आणि म्हणाले की तुमच्या हद्दीत आलेलं खुशाल तोडा, पण वरच्या बनाला हात लावायचा तर मालकाची परवानगी लागेल. आता खाली तोडत बसायचं आणि वरून येत राहायचं, याला काय अर्थ आहे? मी योशितोला फोन केला. दर वर्षी करत होते. तो चांगलं बोलतो. म्हणाला, "काकू, मी भेटायला गेलो की बाबा एकच विचारतात, बन कसं आहे. मी सांगतो, छत्री एकाही बांबूला लागत नाही. ते असेपर्यंत तरी तोडायला माणसं घालू नका. त्यांच्या कानावर गेलं तर?" मी बरं म्हटलं. मुलगी म्हणते, घर सोड आणि माझ्याकडे ये. तिच्याकडे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत आणि गॅलरीत एक कुंडी.

घटनेच्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. मागून कुदळीचा आवाज आला. आमच्या चराचा आवाज मला ओळखू येतो, त्यात खडी आहे. खिडकीतून बघितलं तर कियोहारुसान. आमच्याच पडवीतली कुदळ घेऊन विहिरीच्या बाजूने खणत होते. पायात वृद्धाश्रमातल्या घरात घालायच्या सपाता, त्यांवर त्यांचं नाव लिहिलेलं. बसने आले असणार, नवा ड्रायव्हर त्यांना ओळखत नाही.

मी बाहेर गेले. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "वहिनी, हे थंडीतलं काम, एप्रिलपर्यंत का लांबवलंत? बघा मुळ्या कुठवर आल्यात." मी चूक झाली म्हटलं. सपाता ओल्या झाल्या होत्या म्हणून आमच्या ह्यांचे रबरी बूट आणून दिले. हवालदारांनी मला दाखवलेले बूट तेच आहेत, आत तात्सुरो असं शाईने लिहिलेलं आहे. कियोहारुसान यांनी विचारलं, तात्सुरो कुठे आहे, रस्त्याकडून त्याने सुरुवात करायला नको का? येतील, असं मी म्हटलं. मग ते पुन्हा खणायला लागले.

कोण आहे आणि कोण गेलं हे त्यांना आठवत नव्हतं, पण कामात एक चूक नव्हती. मुळी दिसली की दोन्हीकडून माती मोकळी करायची, उगवायचा डोळा बघायचा आणि त्याच्या अलीकडे तोडायची. पाच वर्षांत मला जमलं नाही ते त्या माणसाने सकाळभरात विहिरीपासून पर्सिमनपर्यंत केलं. चराचा तळ स्वच्छ दिसत होता. मी मागच्या दारात बसून ते बघत होते आणि मला आनंद झाला होता. तो शब्द बदलू नका. आनंदच झाला होता.

दहा वाजता मी चहा आणि मुळ्याचं लोणचं नेलं. आम्ही पायरीवर बसलो. तेवढ्यात वाडीच्या भोंग्यावरून सूचना झाली, की त्र्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ वृद्धाश्रमातून निघून गेले आहेत, अंगात राखी स्वेटर आहे, कुणाला दिसल्यास कळवावं. सूचना दोनदा झाली. कियोहारुसान यांनी मान वर करून दोन्ही वेळा ऐकली. म्हणाले, "कुणीतरी म्हातारा हरवलाय. घरचे काय करत असतील बिचारे." राखी स्वेटरच्या बाहीने त्यांनी तोंड पुसलं. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

हवालदारांनी विचारलं, की फोन घरात असताना आणि सूचना ऐकलेली असताना मी का कळवलं नाही. सांगते. पहिलं म्हणजे, जो माणूस तुमच्या हद्दीवर घाम गाळतोय त्याला चहा द्यायचा आणि आत जाऊन त्याचीच चहाडी करायची, हे माझ्याने होईना. जेवण झाल्यावर मी स्वतः त्यांच्याबरोबर बसने जाऊन पोचवणार होते, तसं मनात ठरवलंही होतं. दुसरं म्हणजे, पर्सिमनपासून रस्त्यापर्यंतचा अर्धा चर राहिला होता. कळवलं असतं तर गाडी लगेच आली असती. मला चर पुरा करून हवा होता. पहिलं कारण खरं आहे, पण दुसरं जास्त खरं आहे.

दुपारच्या आधी मी आत जाऊन भात लावला. पायरीच्या बाजूचाच एक कोंब खणून आधी उकळून ठेवला होता, तो त्यांच्यासाठी शिजवला. पंगतीला बसतो तशी दोन ताटं घेतली. बाहेर आले तर कुदळ पर्सिमनखाली चरात उभी होती आणि ते नव्हते. मी हाका मारल्या. रस्त्यापर्यंत जाऊन आले. चरापलीकडे बनाच्या तोंडाशी दोन-तीन वाळके बांबू नुकते मोडलेले दिसले. मी आत शिरायचा प्रयत्न केला. हातभर गेले आणि पुढे मांजरसुद्धा जाणार नाही इतकी दाटी. मग चौकीत फोन केला आणि बनात बघा म्हणून सांगितलं. हवालदार आणि अग्निशमन दलाची माणसं लवकर आली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्यासारखेच तेही बनात अडकले. उभे बांबू, आडवे बांबू, कुजलेले बांबू, एकमेकांत विणल्यासारखे झाले होते. त्यात पाऊस लागला. यंत्रं आणली, तोडत तोडत गेले आणि दुसऱ्या दिवशी कियोहारुसान मिळाले. कोळसा पाडायच्या जुन्या खड्ड्यात ते पडले होते. पाय मोडला होता. थंडी आणि पावसाने गेले, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं मला कळलं. माझ्या मागच्या दारापासून ती जागा लांब नाही. हाक पोचेल इतकी जवळ आहे. रात्री ते ओरडले असतील का, असं मी हवालदारांना विचारलं. पाऊस पत्र्यावर वाजत होता, मला काही ऐकू आलं नाही.

खाली आणताना मी परसात उभी होते. स्ट्रेचर यावं म्हणून बनातून सरळ रस्ता पाडला होता. दोघांनी स्ट्रेचर धरलं होतं आणि हवालदार उएहारा बाजूने कियोहारुसान यांच्यावर उघडी छत्री धरून चालत होते. वरपासून खालपर्यंत ती एकाही बांबूला लागली नाही. पाच वर्षं मी एवढंच मागत होते. या वेळी परवानगी कुणाला विचारावी लागली नाही.

योशितो आला होता. त्याने माझ्यापुढे वाकून, बाबांना चहा दिलात, शेवटी त्यांना त्यांचं काम करू दिलंत, असं म्हटलं. बनाचं काय करायचं ते नंतर बघू, असंही म्हणाला. तोडलेल्या रस्त्यात आताच नवे कोंब दिसतायत, आणि चराच्या न खणलेल्या बाजूने परसात तीन आलेत. आता मी ते कापत नाही. मुलीला मी कळवलं आहे की घर सोडते.

कियोहारुसान चर अर्धा टाकून बनात का गेले असतील, असं मला विचारलं. बन त्यांचंच, गेले असतील, असं मी सांगितलं.

वरील जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी दुरुस्ती करायची आहे. तात्सुरो कुठे आहे असं कियोहारुसान यांनी विचारलं, तेव्हा मी नुसतं "येतील" म्हटलं नव्हतं. ते आता नाहीत असं म्हटलं असतं तर त्यांनी कुदळ खाली ठेवली असती. म्हणून मी म्हटलं, "वर बनात गेलेत, येतील." नंतर मी आत भात लावत असताना त्यांनी बनाकडे तोंड करून दोनदा हाक मारली होती, "तात्सुरो, माझी बाजू झाली रे." ती मी ऐकली होती आणि हसले होते. एवढं घातल्यावर जबाब पुन्हा वाचून घेतला. आता तो बरोबर आहे.

साकोदा तोमिए (शिक्का)