मामाच्या तीन थापा

तुमाले हसू येईन, पण आमच्या मामालेबी पोहायची परीक्षा द्या लागली. मामा वडश्याकडचा. त्याचा सारा जलम तलावात उतरून शिंगाडे काढण्यात गेला. आता गुडघे दुखते, तर डॉक्टरनं पोहायले सांगितलं. मी त्याले चंद्रपुरात आमच्या स्विमिंग टँकवर नेलं. तिथी आधी पोहणं शिकवणाऱ्या सरांसमोर एक फेरी पोहून दाखवा लागते, मंगच पास भेटते.

मामा काठावर बसला अन् पाण्यावर धपाधप तीन थापा मारल्या. सारे पाहूनच राह्यले.

सर म्हणाले, "भाऊ, हे काय करून राह्यले?"

"माणूस येऊन राह्यला म्हणून सांगतो. साप-गिप असला तर बाजूले सरकते."

"अहो, इथी कुठचा साप? तळाची फरशी दिसून राह्यली!"

"तुमाले तो नाई दिसत, सर. त्याले तुमी दिसता."

सारे खदखदा हासले. मामानं आरामात फेरी मारली अन् पास घेतला.

दुसऱ्या दिवशी आमी जरा लवकर पोचलो. टँकवर सर एकटेच होते. त्यायनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, वाकले अन् पाण्यावर हळूच दोन थापा मारल्या.

मामा मागून म्हणते, "सर, तीन मारा लागते."