नळीची आंघोळ

...अन् वरून मलेच म्हणते, हात काहून लावला! आता तुम्हीच सांगा, मी नाही लावन तर कोण लावन? बावीस वर्षं वणीच्या तेलगिरणीत वाफेच्या वॉल्ववर या नजीर मिस्त्रीचाच हात! सरकी शिजवाची मोठी कढई, तिले नुसता तळवा टेकवला का मले समजे... लई तापली, चाक आवळा; थंडावली, सैल करा. मालक किसनराव म्हणत, "मिस्त्री, तुमचा हात म्हणजे सोनं!"

मंग यंदा मुंबईहून आलं खरं सोनं! आपोआप चालणारा वॉल्व! बोटाएवढी पितळी नळी कढईत बुडवाची, तिच्यात कायचंसं औषध. कढई तापली का ते औषध फुगते, बारक्या नळीतून वर चढून वॉल्वमधला पडदा दाबते, अन् वाफ बंद! थंडावली का स्प्रिंग पडद्याले मागं लोटते, वाफ चालू. म्हणजे काम माह्याच हाताचं, फक्त त्याले भाकर लागत नाही! बसवणारा साहेब नाकातून बोले, "हात लावायचा नाही हं!" किसनराव म्हणे, "मिस्त्री, दसऱ्यापासून तुमची सुट्टी. तोवर उभे राहा, पण हात लावू नोका."

दसऱ्याले यंत्राची पूजा. मुहूर्तावर वाफ सोडली, अन् पुंडलिकराव मुनीम म्हणे, "देव असा तेलकट कसा पुजाचा? आधी आंघोळ घाला!" काढली नळी कढईतून, ठेवली तांब्यातल्या थंड्या पाण्यात, वर झेंडू, कुंकू... झालं! वॉल्वले वाटलं कढईच थंडगार, अन् तो सताड उघडला! इकडं कढई धुमसून राह्यली, तिकडं हे टाळ्या वाजवून राह्यले! मी बोंबललो, "नळी कढईत टाका!" तं मालकीणबाई विमलताई म्हणते, "आरती होऊ द्या हो नजीरभाऊ, हात लावू नोका!"

हात लावू नोका! सरकी करपली, काळा धूर, झाकण नाचाले लागलं... मंग लावला हात! वाफेच्या नळावर माह्यं जुनं चाक होतंच, ते तापलेलं चाक उघड्या हातानं आवळलं, कातडी तिथंच चिकटली. डोये भरून आले, तुम्हाले सांगतो, पण ते भाजल्यानं नाही... माह्या हाताकडं एकानं पाह्यलं नाही! किसनराव म्हणे, "सांगितलं होतं ना, हात लावू नोका? बिघडवलं ना यंत्र!"

संध्याकाळी मुनीम घरी आला. मले वाटलं, माफी मागाले आला असन. म्हणे, "मिस्त्री, नोकरी तं गेली. पण दरसाल दसऱ्याले येत जा. आंघोळ झाली का नळी परत कढईत टाकाले माणूस लागन."

म्हटलं, "अन् हात लावला तं?"

म्हणे, "त्या दिवशी चालते."

जाईन. दुसरं काय करू?