दुर्बीन केवढ्याची

हात लावा की, लावा, पितळ हाय, झिजनार न्हाय — फक्त भिंगाला बोट नको, खारट हातानं डाग पडतो. बसा वटीवर. केसर, पानी आन गं पाव्हण्यास्नी. पोरगी माझी, इथंच दिलीय, चार घरं सोडून. तिचा नवरा होडीच्या कामाला लागला की ही आपली बापाकडं. तर काय इचारलंत? केवढ्याला घेतली. व्हय. समदे हेच इचारतात, शेट. ह्या वाटंनं नागावच्या बाजाराला जानारा एकबी असा न्हाय की म्हनंल, येसाजी सारंग, हिच्यातनं दिसतं तरी काय? न्हाय. पयला सवाल, केवढ्याला पडली. अहो, कोनाच्या बायकोच्या नथीची किंमत तुमी अशी वटीवर चढून इचाराल का? न्हाय इचारनार. पन दुर्बीन म्हटली की समद्यांची जीभ मोकळी.

मी मानूस बघून किंमत सांगतो. भाताची शेती करनारा वरच्या गावाचा आला तर सांगतो, बोटीवरच्या सायबानं जाताना दिली, फुकट — तो खूश, आपल्याला फुकट न्हाय मिळालं येवढंच त्याला वाईट वाटतं. वानी आला तर आधी त्यालाच इचारतो, तुमी किती धराल? तो जी सांगंल तिला मान हालवायची, म्हंजे त्याची अक्कल खरी ठरते आन तो सुपारी देऊन जातो. भट आला की म्हनायचं, सूर्याचं गिरान बघायला घेतली. आन आमच्या कोळीवाड्यातलं कोन आलं तर सरळ भांडायचं — माझ्या पगाराची हाय, तुझ्या बाच्या जाळ्याची न्हाय. आवडा, माझी बायको, होती तवा ती तर म्हनायची, त्या नळीपायी ह्यानं घराचं छप्पर बोटीच्या पुढच्या खेपंवर ढकललं. महिनाभर बोलली न्हाय माझ्याशी. कालवन वाढायची, पन बोलायची न्हाय.

तुमाला काय सांगावं तेच कळंना झालंय मला. कमी सांगावी तर मानूस म्हनतो चोरीची दिसते. जास्त सांगावी तर म्हनतो, येवढं पैसं खलाशाकडं आलं कुठनं? दोन्हीकडनं मरन. तुमी नारळाचं व्यापारी म्हनालात न्हवं मगाशी? व्हय, म्हनालात. आता बघा, हितं डोक्यावर माड, पायाखाली माड, आन तुमी एका नारळाचाबी भाव इचारला न्हाय अजून. दुर्बिनीचाच इचारताय. — न्हाय वो, संशय कसला, बोललो आपलं.

बरं, खरंच सांगतो, लपवायचं काय त्यात. भीती वाटते मला. साखरेवरचा कर वाढला तवापास्नं मुरुडच्या नबाबाच्या हद्दीतनं रातीची चोरून पोती इकडं उतरतात म्हनं. म्हनं हां, ऐकीव सांगतो. आन जकातीचे लोक साध्या धोतरात गावोगाव फिरतात म्हनं. त्यांचा हिशोब सोपा — माल उतरायचा म्हंजे दर्यावर नजर ठेवनारा कोनतरी लागनार, आन नजर ठेवायला दुर्बीन लागनार, आन अख्ख्या किनाऱ्याला दुर्बीन कोनाकडं? येसाजीकडं. गावचा पाटील परवा हसत हसतच बोलला, सारंग, ही नळी तुला एक दिस आत न्हेनार. हसला तो, पन माझी झोप उडाली. दुर्बीन जप्त झाली तर झाली. पन ह्या वयात चावडीवर उभं करून चार सवाल टाकले, तर तोंडातनं काय काय निघंल माझ्या?

मी आभाळ बघतो, शेट. निस्तं आभाळ. शौक म्हना, खूळ म्हना. आगबोटीवर हुतो तवा एका कप्तानाच्या मनात काय आलं, त्यानं मला बोलावलं आन म्हनाला, लाव डोळा. लावला. शनी हुता. आता शनी म्हंजे आमी त्याच्या नावानं तेल घालायचं आन त्याला टाळायचं — आन तो तर कडं घातलेला, लहान पोराच्या हातातल्या कड्यावानी, इतका देखना. मला रडू आलं, लाज कसली. त्या दिसापास्नं ठरवलं, कदीतरी आपली घ्यायची. विलायतेला निघालेल्या एका सायबाच्या सामानाचा लिलाव झाला मुंबईत, तिथं घेतली. बस्स. येवढीच गोष्ट. दर्या बघत न्हाय मी हिच्यातनं.

म्हंजे — पयलं बघायचो. कोन होड्या येतात जातात, गंमत म्हनून. शीड वळखायचो लांबनं. व्हय मंग! तुमाला निस्तं पांढरं दिसंल तिथं मी नाव सांगंन — ह्याच्या शिडाला वर ठिगळ, त्याचं खाली फाटलेलं, हा वारा चोरतो, तो भितो. येवढे पैसे घातले ते उगाच न्हाय, भिंगच तसं हाय. खोटं वाटतं तुमाला? अहो ह्याच सरावनातलं सांगतो. पुनव व्हायची हुती. दर्याला नारळ दिल्याबिगर आमच्यातलं कोन होडी पान्यात घालतंय? उपाशी मरंल पन न्हाय घालनार. समद्या होड्या वर वढलेल्या, झावळ्या टाकून झाकलेल्या. आन सांजच्याला मी नळी सहज फिरवली तर शीड. मुरुडाकडनं येतंय. होडी पान्यात खोल बसलेली, चांगली भरलेली — मासळीनं भरलेली आसंल. — न्हाय, पुनवेच्या आधी मासळी कुठली. मंग नारळ आसतील. तुमच्यासारख्या कोना व्यापाऱ्याचे.

कोनाचं शीड ते काय सांगू. ढग हुते. ठिगळ तेवढं दिसलं, हिरवं. हिरवं ठिगळ काय, कोनाच्याबी शिडाला आसतं. आमच्या घरातली रीतच हाय ती, बायकोनं आपल्या लग्नाच्या लुगड्याचा तुकडा नवऱ्याच्या शिडाला शिवायचा. मंग दर्या त्याला ठेवून घेत न्हाय, माघारी धाडतो. माझ्या आयेनं बाच्या शिडाला शिवला, आवडानं माझ्या, केसरनं दादूच्या —

आमच्या घरातली म्हंजे समद्या कोळ्यांची. समद्यांची रीत. समदेच शिवतात. कोनालाबी इचारा — न्हाय, इचारू नका कोनाला, कशाला लोकांना तरास. आन ते हिरवं हुतं का निळं, माझे डोळे आता जुने झाले. मी नळी तिथल्या तिथं वळवली, शेट, आईशपत. दुसऱ्यांदा बघितलंच न्हाय. कुनाला बोललो न्हाय, त्यालाबी न्हाय. पोरगी पोटुशी हाय, जेवताना तो समोर बसतो, मी त्याच्या तोंडाकडं बघत न्हाय. तवापास्नं अंधार पडल्याशिवाय ह्या दुर्बिनीला हात लावत न्हाय मी. — काय बोललो मी? काय न्हाय बोललो. म्हातारा मानूस, बडबडतो.

ती उचलू नका. उचला, बघा, पन आभाळाकडं बघा की, दिवसाचा चांद आसंल बघा माडाच्या वर. खाली काय बघताय, वाळूत काय न्हाय, जाळी वाळतात, शिडं वाळतात — भादव्याचं ऊन पडलंय म्हनून समद्यांनी घातलीत. साहेब, तिकडं नको. शेट. शेट म्हनायचं हुतं मला. अहो, आवडली आसंल तर घेऊन जा ती. फुकट. खरंच फुकट, सायबानं दिलेली न्हवं, माझ्याकडनं. पेटीबी देतो तिची, मखमलीची हाय. म्हातारपनी कुठं शनी बघत बसू, जा घेऊन तुमी.

खाली का ठेवलीत? पानी तरी प्या. बाजाराची वाट इकडनं हाय, तिकडं निस्ती वाळू, बुटात जाईल. थांबा, अहो, किंमत इचारली हुतीत न्हवं तुमी? खरी सांगतो. आवडालाबी खरी सांगितली न्हवती, मरेस्तवर. सव्वादोनशे. सव्वादोनशे रुपये दिले, साहेब, बारा वर्सं साठवून — ऐका तरी, त्यानं काय केलेलं न्हाय, बाळंतपन जवळ आलं म्हनून —

कोन न्हाय गं, केसर. गिऱ्हाईक हुतं, दुर्बिनीचं. तांब्या आत ने. आन तूबी आत जा, दार लाव, खिडकीशी उभी राहू नको.