ओपीडीत घातलेलं गाऱ्हाणं

आम्ही मूळ मालवणकडचे, पण जन्म माझा लालबागचा आणि लग्न होऊन आले ती करी रोडच्या चाळीत, म्हणजे लांब कुठे गेलेच नाही बघा. हिंदमाताला साड्यांना फॉल-बिडिंग करते. आमचे हे छापखान्यात मशीनवर होते. आणि आवाज असा, काय सांगू तुम्हाला, चाळीच्या गणपतीत गाऱ्हाणं ह्यांनीच घालायचं. आमच्यात देवाकडे सगळ्यांसमोर मोठ्यानं मागतात, एकानं मागायचं नि बाकीच्यांनी व्हय महाराजा म्हणायचं.

तर हा असा माणूस गप्प झाला. छापखाना बंद पडला, हे घरी बसले, आधी बोलणं गेलं, मग जेवण, मग आंघोळसुद्धा. कोणी विचारलं की मी सांगायचे, शुगर वाढलीय. लग्नाची पोरगी घरात, बाप वेडा झाला म्हटल्यावर तिला कोण करणार? त्या वर्षी गाऱ्हाणं दुसऱ्यानं घातलं, हे आत भिंतीकडे तोंड करून पडलेले, आणि मी बाहेर उभी राहून सगळ्यांबरोबर व्हय महाराजा, व्हय महाराजा. त्यात माझ्या घरचं काहीच नव्हतं हो, मी सांगितलंच नव्हतं ना कोणाला.

मग एक दिवस हे म्हणाले, मी नसलंय तर तुमका बरा पडात. पोरगी म्हणाली, आई, लग्न गेलं खड्ड्यात, आत्ताच्या आत्ता बाबांना हॉस्पिटलात न्यायचं.

ओपीडीत डोक्यावरून पदर घेऊन बसले, ओळखीचं कोण बघेल म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाली, बोला मावशी, काय होतंय त्यांना? आणि मला बोलताच येईना. शुगर शुगर करून खरं सांगायची सवयच गेलेली. हात आपोआप जोडले गेले आणि तोंडातनं गाऱ्हाणंच निघालं, बा देवा महाराजा, ह्या माझ्या घोवाची वाचा बंद झाली हा, ती मोकळी कर रे महाराजा. पोरगी रडायला लागली. आणि बाजूला मान खाली घालून बसलेले हे हळूच म्हणाले, व्हय महाराजा.

मला वाटलं, झालं, सुटलो. कुठलं काय. गोळ्या चालू आहेत, कधी दोन शब्द बोलतात, कधी आठवडा जातो नुसता. पोरीचं एक स्थळ गेलं, जाऊ दे. यंदा गणपतीत मी चाळीला सगळं खरं सांगून ह्यांच्या नावानं गाऱ्हाणं घालायला लावलं. सगळे ओरडले, व्हय महाराजा. हे आतच होते, त्यांनी म्हटलं की नाही, त्या गलक्यात कळलंच नाही. मी काय करू आणखी? तुम्ही एवढं ऐकलंत, तुमच्या घरी सगळे सुखी राहोत, पण जाताना एकदा म्हणा ओ तुम्हीपण. माझ्या एकटीनं पुरत नाही.