गार्डसाहेबांचा डोळा अपघातात गेला नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि रेल्वे पुनरुज्जीवन समितीचे प्रमुख, व्यासपीठावर आवर्जून उपस्थित राहिलेले रेल्वेचे वरिष्ठ अधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती गार्डसाहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे गावकरी बंधू-भगिनी,

मी या स्टेशनची तिकीटबाई. उभी हयात खिडकीच्या भोकातून बोलले आहे, एवढ्या मोठ्या सभागृहात बोलायची सवय नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे एक सोपं काम दिलं होतं. मानपत्र वाचायचं आणि खाली बसायचं. काल संध्याकाळी मी ते घरी वाचून पाहिलं. भाषा सुंदर आहे, कागद जाड आहे. पण त्यात एक ओळ आहे, 'एका दुर्दैवी अपघातात त्यांना आपला उजवा डोळा गमवावा लागला.' ती ओळ काही केल्या माझ्या तोंडून बाहेर पडेना. म्हणून सकाळी गार्डसाहेबांकडे गेले आणि विचारलं, खरं ते सांगू का? त्यांनी वहिनींकडे पाहिलं. मग म्हणाले, सांगा, पण कुणाचं नाव घेऊ नका. तेव्हा अध्यक्ष महोदय, मानपत्र आपण नंतर सावकाश वाचावं. मी नावं घेणार नाही. ज्यांची त्यांना ओळखू येतीलच.

आपली लाईन काही एका दिवसात मेली नाही. आधी मालगाड्या गेल्या. मग सकाळची गाडी गेली, मग दुपारची. उरलेल्या एका गाडीला दुसरीकडे नापास झालेलं इंजिन मिळायचं. रुळांखालचे स्लीपर कुजले, वेग उतरत गेला, शेवटी शेवटी रस्त्याने जाणारा दूधवाला सायकलवरून गाडीला मागे टाकायचा आणि वर हात करून टाटा करायचा. आपण हसायचो. आणि हसून झालं की फोडायचो. आठवतं ना? गाडी उशिरा आली की पंखा वाकवायचा, काच फोडायची, माझ्या खिडकीत दगड घालायचा. एकदा माझ्या कपाळाला तीन टाके पडले, तेव्हा दगड मारणाऱ्याच्या बायकोनेच मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. राग कचेरीवर होता आणि कचेरी दूर शहरात होती. हाताशी आम्ही होतो.

त्या दिवशी दुपारी गाडीत आपल्या बेकरीवाल्यांची मुलगी होती. कॉलेजात जाणारी, एकुलती एक. पोटात आतडं फुटलं होतं. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आत्ताच्या आत्ता शहरात न्या. दवाखान्याची गाडी बाहेरगावी गेलेली. म्हणून बापाने तिला ट्रेनच्या बाकावर आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं. गाडी सुटली आणि फलाट संपतो न संपतो तोच पुढच्या खिंडीत इंजिन बंद पडलं. माझ्या खिडकीतून गार्डचा शेवटचा डबा दिसत होता, इतकी ती जवळ होती.

गार्डसाहेब रुळावरून चालत माझ्याकडे आले आणि त्यांनी शहरात कंट्रोलला फोन लावला. गाड्यांचं सगळं ते लोक ठरवतात. मी शेजारी उभी होते, पलीकडचा आवाज मला ऐकू आला. दुसरं इंजिन निघालंय, अर्ध्या तासात पोहोचेल. ते धावत परत गेले आणि त्यांनी ते बापाला सांगितलं. काही वेळाने पुन्हा आले, पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. बेकरीवाले म्हणत होते, मी हिला उतरवतो, बाजारातून एखादा टेम्पो बघतो. गार्डसाहेब म्हणाले, तिला हलवू नका, इंजिन येतंय. तिसऱ्यांदाही त्यांनी हेच सांगितलं. इंजिन निघालंच नव्हतं, हे आम्हाला चौकशीत कळलं. व्यासपीठावरचे साहेब तेव्हा या विभागात नव्हते, हे मला माहीत आहे. पण त्यांनी ऐकलेलं बरं.

पोरगी बाकावरच गेली. मी पाण्याची बाटली भरून घेऊन चालले होते, तेवढ्यात बापाचा आवाज ऐकला. तो रडण्याचा आवाज नव्हता. तसा आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही. ते डब्यातून खाली उतरले. रुळाशेजारी लोखंडाची एक पट्टी पडली होती, ती त्यांनी उचलली. गार्डसाहेब दाराशी उभे होते, ते हललेही नाहीत. पट्टी सरळ डोळ्यावर बसली.

पहिला घाव बापाचा होता. त्यानंतरचे कुणाचे होते? डब्यातले उतरले, बाजारातले धावत आले. बातमी पोहोचेपर्यंत तिचं 'गार्डने पोरीला मारलं' असं झालं होतं. त्यांना पाय धरून खडीवरून ओढलं. शर्ट फाटला, पाठ सोलून निघाली. बुटांनी बरगड्यांवर लाथा घातल्या. मी मध्ये पडायला गेले, तर मला केसांना धरून बाजूला फेकलं.

आणि गार्डसाहेब काही गप्प मार खाणारे संत नव्हेत, हेही सांगते. हातातला दिवा त्यांनी असा फिरवला की एकाचा जबडा तुटला. आज हा माईक ज्यांनी लावून दिला आहे, त्यांना बोलताना अजून उजवीकडून त्रास होतो. मघाशी माईकची उंची जुळवताना मी त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, सांगा बाई, मी तेव्हा त्यांच्या छातीवर बसलो होतो, तेही सांगा.

मग कुणीतरी चहाच्या टपरीवरून रॉकेलचा डबा आणला. आधी गार्डचा डबा पेटवला. वारा इंजिनाच्या दिशेने होता, बघता बघता पुढच्या डब्याने पेट घेतला. लोक ओरडत होते, शिट्ट्या मारत होते. आणि ज्या मुलीसाठी हा सगळा संताप चालला होता, ती त्याच डब्यात बाकावर निजलेली होती. एवढ्या जमावात एकालाही तिची आठवण राहिली नव्हती.

आठवण राहिली फक्त खडीवर पडलेल्या माणसाला. त्यांचा अर्धा चेहरा रक्ताने माखला होता. ते ओरडले, "पोरगी आत आहे." कुणी ऐकेना. मग ते हातापायांवर रांगत निघाले. दाराचा लोखंडी दांडा तापला होता, तो धरून वर चढले. तळहाताची कातडी दांड्याला चिकटून राहिली. तेव्हा बेकरीवाल्यांना भान आलं. ते मागोमाग चढले. धुरातून दोघं बाहेर आले ते तिला घेऊनच. एकाने डोकं धरलं होतं, दुसऱ्याने पाय. बापाचे केस जळत होते आणि गार्डसाहेब आपल्या भाजलेल्या हाताने ते विझवत होते.

आता तुम्हाला वाटेल, हे पाहून गर्दी थबकली असेल. नाही थबकली. एक दगड माझ्या कानाजवळून गेला. त्यानंतर सगळे स्टेशनकडे वळले आणि माझी तिकीटखिडकी जाळली.

चार दिवसांत लाईन बंद झाल्याची सूचना लागली. इतकी नीटनेटकी छापलेली की आधीपासून तयार असावी. कारण दिलं होतं, 'कर्मचाऱ्यांच्या जिवाला धोका.' तोट्याचा शब्दही नाही. त्यांना निमित्त हवं होतं, ते आपण रॉकेल ओतून दिलं.

खटला झाला. गार्डसाहेबांना विचारलं, कुणी मारलं? ते म्हणाले, गर्दी होती, मी ओळखत नाही. वकील चिडला. म्हणाला, पहिला घाव तर समोरून आला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून बेकरीवाले उठून उभे राहिले आणि म्हणाले, मीच मारलं. म्हणजे शिक्षा झाली ती एकट्याला, ज्याची मुलगी गेली होती त्याला. बाकीचे आम्ही सारे घरी येऊन जेवलो. तुरुंगातून ते परत आले तेव्हा बेकरी बंद पडली होती. त्यांच्या घरावरून जाताना लोक रस्ता बदलायचे.

एका डोळ्याच्या माणसाला गाडीवर पाठवत नाहीत. म्हणून गार्डसाहेबांना या बंद स्टेशनची राखण दिली. इतकी वर्षं ते आणि वहिनी त्या पडक्या क्वार्टरमध्ये राहिले. रूळ कापून न्यायला टोळ्या यायच्या. एकदा त्यांच्यातल्या एकाने वहिनींसमोर गार्डसाहेबांच्या गळ्याला कोयता लावला. वहिनींनी चुलीवरचं उकळतं पाणी त्याच्या अंगावर फेकलं. वहिनी, तुम्ही मान खाली घालू नका. आज साहेब लोक चाचणीची गाडी सोडायला तयार झालेत ते रूळ जागेवर आहेत म्हणून, आणि रूळ जागेवर आहेत ते तुमच्यामुळे.

समितीने आजच्या आमंत्रणात बेकरीवाल्यांना वगळलं होतं. अध्यक्ष महोदय, मी दोष देत नाही, अवघडच होतं ते. गार्डसाहेब मागच्या आठवड्यात स्वतः त्यांच्या घरी गेले. सोबतीला मला नेलं. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. बेकरीवाल्यांनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली, आणि दोघं समोरासमोर बसले.

गार्डसाहेब म्हणाले, "मी तीनदा सांगितलं, येईल म्हणून. मला खरंच वाटत होतं, येईल."

बेकरीवाले म्हणाले, "तुम्हाला खरंच वाटतंय, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण समोर तुम्हीच होता."

आणखी काही नाही. माफी मागितली नाही, दिली नाही. निघताना बेकरीवाल्यांनी विचारलं, कार्यक्रम कधी आहे? ते आज आले आहेत. कृपा करून कुणी मागे वळून बघू नका, त्यांना ते आवडणार नाही.

हे सगळं मी आज का सांगते आहे? सत्काराच्या दिवशी कशाला या जखमा, असं काहींच्या कपाळावर मला इथून वाचता येतंय. गार्डसाहेबांसाठी सांगत नाही. त्यांनी हे सगळं भोगलं आहे, त्यांना ऐकवून काय मिळणार? मी सांगते आहे ते चौथ्या रांगेत बसलेल्या एका मुलीसाठी. चाचणीच्या गाडीवर गार्ड म्हणून तिची नेमणूक झाली आहे. तिच्याआधी दोघांनी ही नेमणूक नाकारली. त्या गावात माणसं जाळतात, असं ते लेखी देऊन मोकळे झाले. गार्ड नाही तर गाडी नाही. लाईन पुन्हा सुरू होणं आता सर्वेक्षणावर अडलेलं नाही, मंजुरीवरही नाही, या एका मुलीच्या होकारावर अडलं आहे.

ती परवा माझ्याकडे आली होती. वय पंचवीसही नसेल. तिने सरळ विचारलं, "मावशी, इथली माणसं कशी आहेत?" काय सांगणार होते मी? चांगली आहेत म्हणाले असते तर खोटं ठरलं असतं, वाईट म्हणाले असते तर तेही. म्हटलं, कार्यक्रमाला ये आणि सगळं ऐक. मग ठरव.

तिने ऐकलं. मधून दोनदा डोळे मिटले, पण उठून गेली नाही. गाडी पुन्हा बंद पडणार आहे, मंडळी. जुने रूळ, नवी माणसं, पडणारच. त्या खिंडीत ती एकटी शेवटच्या डब्यात उभी असेल.

कार्यक्रम संपल्यावर ती दाराशी थांबणार आहे. तिला हार नकोत, आश्वासनं तर अजिबात नकोत. बाहेर पडताना एकेकाने थांबा आणि तिला आपलं नाव सांगा. नाव सांगा, आणि राहता कुठे ते सांगा, म्हणजे त्या खिंडीत तिच्यासमोर नुसती गर्दी नसेल. एवढंच.

अध्यक्षांनी घड्याळाकडे एकदाही न पाहता मला बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. पाहुण्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं, त्यांची आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुठे शब्द जास्त झाला असेल, कुणाला उगाच लागलं असेल, तर या तिकीटबाईला मोठ्या मनाने क्षमा करा आणि आता हळूहळू दाराकडे चला. ती उभी राहिली आहे.