चौदा दिवसांच्या कॅप्सूल

— अकरा मार्च, सकाळी धुकं, दुपारी कोरडं ऊन. वहीत तसंच आहे, मी रोज लिहिते — त्या दिवशी माझी बहीण पडली, आणि तुम्ही म्हणताय जळजळीच्या साध्या कॅप्सूलनं काय होतंय! आपल्याकडं प्रत्येकाला असतं ते लाडनाव काय तुमचं? आमोटी. बसा, आमोटी. तीन महिन्यांच्या एकदम कशाला हव्यात? अल्सर आहे? कुणी पाहिला? पोटात नळी घालून बघितलं? नाही ना — इथं युगांडात, फोर्ट पोर्टलात पोट जळलं की अल्सर. चर्चचा उपास नको, अल्सर. सासूनं वाढलेला राजमा नको, अल्सर. माझी ही बहीण, आबवोली, तर हसत सांगायची, मी आबवोली अल्सरवाली! नवऱ्याचं नावसुद्धा तिनं एवढं मिरवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर चौदा दिवस लिहिले होते. मग अकरा वर्षं कशी झाली? मीच म्हटलं, बरं वाटतंय ना, घे आणखी, औषधाचं दुकान घरचंच आहे. वर्षानं एकदम बंद केल्या तर दुप्पट जळजळ — बघ, रोग आहेच, म्हणून परत सुरू. ती जळजळ कॅप्सूल एकदम बंद केल्याचीही असते, हे मला, दुकानात बसणारीला, ठाऊक नव्हतं. नाही, खरा अल्सर असेल त्याला लागतातच, तसं नाही म्हणत मी — पण तिला कुठं कुणी तपासलं होतं?

पडली म्हणजे काय — मटोकेचा, हिरव्या केळ्यांचा घड उचलायला वाकली, बस. दगड नाही, चिखल नाही. खुब्याचं हाड मोडलं. बावन्न वर्षांची बाई! त्याआधी वर्षभर पायात गोळे यायचे, हात थरथरायचे. मी म्हणायचे, कामं कमी कर. रक्तात मॅग्नेशियम अगदी तळाला गेलेलं. कॅप्सूलमुळेच? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकी वर्षं घेतल्यानं होऊ शकतं, नक्की नाही सांगता येत. ते ‘होऊ शकतं’च मला चावतं, आमोटी. नक्की असतं तर रडून मोकळी झाले असते.

वॉर्डात त्यांनी कॅप्सूल हळूहळू कमी करायला घेतल्या. आबवोली माझा हात धरायची — ताई, आग होते गं. आणि मी — हे कुणाला बोलले नाही — झग्याच्या खिशातून तिला कॅप्सूल न्यायचे. रोज एक. डॉक्टरीणबाई समोरून आल्या की मी त्यांना वाकून नमस्कार करायचे.

हात अजून पुढंच? नाही, तीन महिन्यांच्या नाही देणार. आधी तपासून या. समोरच्या दुकानात मिळतील, माहीत आहे मला. जा मग.

नाही, ती परत चालली नाही. पडून पडून न्यूमोनिया झाला. बावीस एप्रिलला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेली.