तोकुनागाबाईंचे मोजे

आदरणीय अध्यक्ष ओनुकीसाहेब, व्यासपीठावर उंच खुर्चीत ताठ बसलेल्या सत्कारमूर्ती तोकुनागाबाई, त्यांना ताठ ठेवणारे व्यायामोपचारवाले कुमागाईसाहेब, आणि काजिनोयुच्या गरम झऱ्यांवर पोट भरणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी हाताकेयामा. बाईंच्या अतिथिगृहासमोरचं अतिथिगृह माझं. चाळीस वर्षं आम्ही समोरासमोरच्या फाटकांतून पाहुण्यांना निरोप देत आलो. बस वळणाआड जाईपर्यंत वाकून राहायचं, ही आपली रीत. बसचा आवाज थांबला की मी सरळ होतो. बघतो तर बाई अजून वाकलेल्याच. मग मीही पुन्हा वाकतो. काय करणार?

अशा बाईंच्या खुब्याचा सांधा गेल्या हिवाळ्यात बदलावा लागला. कुमागाईसाहेबांनी बजावलं, "आजी, फार वाकाल तर सांधा निखळेल. तीस अंश पुरे." बाई म्हणाल्या, "तीस अंशांत मी दूधवाल्यालाही नमस्कार करत नाही." आपण हसतो खरं, पण सुनेनं तेव्हा ठरवून टाकलं होतं. सासूबाई पुन्हा फाटकात उभ्या राहिल्या नाहीत, तर पानगळीच्या आत अतिथिगृह बंद.

आणि पंधरा दिवसांत सांधा निखळला. कसा? मोजे घालताना, हे अवघ्या गावाला ठाऊक आहे. अध्यक्ष महाराज, आज मला त्या मोज्यांवरचा आळ दूर करायचा आहे.

झालं असं, की स्टेशनवर उतरलेल्या त्यांच्या पाहुण्यांना मी सांगितलं, "बाई आजारी, तिथे बंद आहे," आणि माझ्या गाडीत बसवलं. बायकोला कळलं. ती म्हणाली, "लाज नाही वाटत? आधी फोन उचला!" उचलला. माफी मागितली. मागताना वाकलो. फोनवर कोण बघतंय म्हणता? पण या सभागृहात सरळ उभं राहून माफी मागू शकेल असा एक जण दाखवा! आता पोट दाबलं गेलं की माणसाचा आवाज बदलतो. बाईंनी त्यावरून ओळखलं, की हा वाकून गुडघ्यापर्यंत पोचला. मग त्या मागे राहतात होय? इस्पितळातल्या पलंगाच्या कडेला बसल्या बसल्या त्या फोनला वाकल्या. माझ्याहून खोल.

मला 'खट्' ऐकू आलं. मग बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "हाताकेयामासाहेब, आवर्जून फोन केलात, आभारी आहे. माझा पाय बहुतेक निघालाय. घरी सगळ्यांना नमस्कार सांगा." एवढं सगळं म्हणून झाल्यावर त्यांनी नर्सला हाक मारली.

आणखी दीड महिना इस्पितळ, कमरेला पट्टा. मी भेटायला गेलो, तर सून विचारत होती, "आई, झालं तरी कसं?" बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मोजे गं," म्हणाल्या. मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. खरबूज ठेवलं आणि सटकलो.

पुढचं कुमागाईसाहेबांनी सांगितलंच. आधी वॉकर, मग काठी, आणि आता सकाळी पुलापर्यंत फिरताना बाई मला मागे टाकतात. वर विचारतात, "गुडघे दाखवलेत का कुणाला?"

गेल्या महिन्यात त्या फाटकात आल्या. वाकल्या नाहीत. ताठ उभं राहून त्यांनी दोन्ही हात हलवले, बस दिसेनाशी होईपर्यंत. आणि बसमधले झाडून सगळे पाहुणे मागच्या काचेशी येऊन हात हलवत होते! चाळीस वर्षांत माझ्यासाठी कुणी मागच्या काचेशी आलं नाही. आलं असेल तरी मला कसं दिसणार? मी वाकलेला. त्या दिवशी मला रडू आलं, हेही सांगून टाकतो.

बाईंच्या सुनेनं दाराची पाटी नव्यानं रंगवली आहे. तिचे, कुमागाईसाहेबांचे आणि मला इतका वेळ सोसणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. तोकुनागाबाई, त्या पाहुण्यांची, त्या फोनची आणि मोज्यांची माफी आज समोरासमोर मागतो. हा मी वाकलो. आपण मात्र... अहो, नका! बाई, तुम्ही नका! कुमागाईसाहेब, धरा त्यांना!